देवमासा पुरण्याआधी त्याची नोंद घ्या : कांदळवन कक्ष आणि किनारी जिल्ह्यांच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र शासनाच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष, मत्स्यव्यवसाय विभाग, पशुसंवर्धन विभाग आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सर्व किनारी जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी गावात एकतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या पुळणीवर एक मेलेला देवमासा लागला. आदल्या रात्रीच्या उधाणाने तो वर आणून टाकला होता आणि सकाळी सारा गाव नाकाला पदर-रुमाल लावून त्याच्याभोवती उभा होता. दुपारी पंचनामा झाला. संध्याकाळी जेसीबीने भरतीच्या रेषेच्या वर सुरूच्या बनाजवळ खड्डा खणला आणि दिवेलागणीपूर्वी सर्व काही वाळूखाली गेले. मी शाळेतील मोजपट्टी नेऊन त्याची लांबी घेतली होती. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत ती साडेअकरा मीटर भरली. हा आकडा आजही माझ्या वहीत आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे दुसरीकडे कोठेही नाही. पंचनाम्यात ‘व्हेल जातीचा मासा, अंदाजे चाळीस फूट’ एवढेच लिहिले गेले.

त्या दिवशी तेथे असलेल्या कोणाचीही तक्रार मी करत नाही. दुर्गंधी असह्य होती, पाऊस थांबत नव्हता, लोकवस्ती जवळ होती, आणि आलेल्या माणसांना ‘विल्हेवाट लावा’ याखेरीज दुसरे काही सांगितलेच गेले नव्हते. माझे म्हणणे त्या सांगण्याविषयी आहे. किनाऱ्याला लागलेला देवमासा हा आपल्याकडे केवळ सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला जातो, आणि त्यामुळे समुद्राने आपल्या दारात आणून ठेवलेली माहिती आपण न वाचताच पुरून टाकतो. ही पद्धत बदलावी, यासाठी हे पत्र आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देवमासे आणि डॉल्फिन अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला आहेत. वाघ मेलेला आढळला तर शवविच्छेदन होते, नमुने जपले जातात, छायाचित्रे काढली जातात आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाकडे त्याची नोंद जाते. अधिकाऱ्यांना त्याची कार्यपद्धती तोंडपाठ असते. कायद्याने तेवढेच संरक्षण दिलेला, वजनाने कित्येक टन भरणारा प्राणी मात्र एका दिवसात जमिनीखाली जातो आणि तो नर होता की मादी हेही पुष्कळदा कागदावर येत नाही.

मेलेल्या जनावरातून काय कळणार, असे मला त्या दिवशी गावातील एका शहाण्या माणसाने विचारले होते. उत्तर असे की देवमाशांविषयी जे काही ठाऊक आहे, त्यातील फार मोठा भाग मेलेल्या जनावरांतूनच कळला आहे. १८७१ मध्ये ब्रह्मदेशात, मार्ताबानच्या आखातातील एका खाडीत एक देवमासा अडकून मेला. त्याच्या सांगाड्यावरून कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी १८७९ मध्ये एक नवी जात शास्त्राला सादर केली आणि ब्रिटिश ब्रह्मदेशाचे मुख्य आयुक्त राहिलेल्या अ‍ॅशले एडन यांच्या नावावरून तिला नाव दिले. ज्याला आज आपण ब्रायडीचा देवमासा म्हणतो आणि जो आपल्या किनाऱ्यावर वारंवार लागतो, त्याचे शास्त्रीय नाव त्या एका खाडीतल्या एका मृत जनावरावर उभे आहे. लाँगमनचा चोचदार देवमासा नावाची जात तर कित्येक दशके केवळ दोन कवट्यांवरून ज्ञात होती. एक १८८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर मिळाली होती आणि दुसरी १९५५ मध्ये सोमालियातील एका खताच्या कारखान्याच्या जमिनीवर पडलेली सापडली. ती कवटी कोणी उचलून ठेवली नसती, तर तिचेही खत झाले असते.

अलीकडचे उदाहरण याहून बोलके आहे. देवमाशाच्या कानात मळाचा एक दट्ट्या तयार होतो आणि झाडाच्या खोडातील वलयांसारखे त्यावर थर चढत जातात. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बाराजवळ जहाजाच्या धडकेने मेलेल्या एका निळ्या देवमाशाचा सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा दट्ट्या जपून ठेवला गेला होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचा थर न् थर तपासला गेला, तेव्हा त्या बारा वर्षांच्या नराचे जन्मापासूनचे आयुष्य उलगडले : कोणत्या काळात त्याच्या शरीरात ताणाचे संप्रेरक वाढले, वयात कधी आला, पारा कधी शरीरात गेला. कीटकनाशकांचा मोठा वाटा तर जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच, आईकडून, त्याच्यात उतरला होता. आमच्या पुळणीवर पुरलेल्या देवमाशाच्या कानातही असा दट्ट्या असणार. कोकणातील नद्या आणि कारखान्यांची सांडपाणी जेथे मिळतात त्या समुद्राचा तो वर्षांवर्षांचा लेखाजोखा होता, आणि तो वाचायला कोणी नव्हते.

अरबी समुद्राच्या बाबतीत ही हानी अधिक मोठी आहे, कारण हा समुद्र देवमाशांच्या दृष्टीने इतर समुद्रांसारखा नाही. जगातील बहुतेक हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे चरायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात विणीसाठी येतात. अरबी समुद्रातले हंपबॅक असे स्थलांतर करत नाहीत. ते येथेच चरतात आणि येथेच वितात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते इतर हंपबॅकपासून सुमारे ७०,००० वर्षे वेगळे पडले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीच्या छायाचित्रांवरून केलेल्या गणनेत त्यांची संख्या शंभराच्याही आत येते.

ही गोष्ट आपल्याला कशी कळली, हे सांगताना मला नेहमी जड जाते. १९६३ ते १९६७ या काळात सोव्हिएत संघाच्या देवमासेमारी ताफ्यांनी आंतरराष्ट्रीय नियम डावलून अरबी समुद्रात ३,३३९ देवमासे मारले. त्यांत १,२९४ निळे, ९५४ स्पर्म, ८४९ ब्रायडीचे आणि २४२ हंपबॅक होते. सोव्हिएत राजवट कोसळेपर्यंत हे आकडे दडवलेले होते. जहाजांवरील जीवशास्त्रज्ञांनी मात्र प्रत्येक जनावर मोजले होते, पोट उघडून अन्न पाहिले होते, गर्भांची लांबी लिहून ठेवली होती, आणि १९९७ मध्ये युरी मिखालेव यांनी त्यांतील हंपबॅकची माहिती जगापुढे ठेवली. पोटातील अन्नावरून ते येथेच चरतात हे दिसले आणि गर्भांच्या वाढीवरून त्यांचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धाचा आहे हे कळले. म्हणजे आपल्या समुद्रातील देवमाशांचे सर्वांत तपशीलवार दफ्तर त्यांना बेकायदा मारणाऱ्यांच्या जहाजावर लिहिले गेले. आपण एकाही देवमाशाला मारत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जे स्वतःहून आपल्या वाळूवर येऊन मरतात, त्यांना मोजण्याचे कष्ट तरी आपण घेतले पाहिजेत.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळच्या मसिरा आखातात एका हंपबॅक मादीला उपग्रह टॅग लावण्यात आला. तिच्या शेपटीवरील खुणा लोबानाच्या झाडासारख्या दिसतात, म्हणून तिचे नाव ‘लुबान’ ठेवले गेले. आपण धूप घालताना जो लोबान वापरतो, तोच हा शब्द. ही लुबान सरळ पूर्वेकडे निघाली, समुद्र ओलांडून डिसेंबरमध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळ पोहोचली, तेथून कर्नाटक आणि केरळच्या कडेने भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. गोव्याजवळच्या समुद्रात पाण्याखालील ध्वनिग्राहकांनी हंपबॅकची गाणीही टिपली आहेत. लक्षद्वीपजवळ निळ्या देवमाशांची गाणी ऐकू आली आणि ती विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत ऐकू येतात, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ओमानपासून लक्षद्वीपपर्यंतच्या या नकाशात महाराष्ट्राचा किनारा जवळजवळ कोरा आहे. सिंधुदुर्गात कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या तरुण संशोधकांनी मच्छीमारांच्या होड्यांतून फिरून डॉल्फिन आणि देवमाशांच्या नोंदी केल्या, त्या मोठ्या मोलाच्या आहेत. परंतु मोजक्या संशोधकांच्या बळावर एवढा किनारा भरून निघणार नाही.

आपल्याकडे काय लागते, हेसुद्धा आपण खात्रीने सांगू शकत नाही. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला लागलेला ४२ फुटी देवमासा निळा म्हणून, आणि जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर आलेला ३५ फुटी देवमासा ब्रायडीचा म्हणून नोंदला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर जिवंत अडकलेल्या पिल्लासाठी ग्रामस्थांनी आणि यंत्रणेने दोन दिवस जिवाचे रान केले, ते संपूर्ण महाराष्ट्राने पाहिले. ते पिल्लू वाचले नाही. आईपासून तुटलेले दूधपिते पिल्लू समुद्रात परत ढकलले तरी क्वचितच जगते, आणि जमिनीवर पडलेल्या देवमाशाची फुप्फुसे त्याच्याच वजनाखाली दबतात. त्यामुळे त्या प्रयत्नांना दोष देता येणार नाही. पण बातम्यांत प्रत्येक मोठा देवमासा ‘ब्लू व्हेल’ होतो, हे मी पाहत आलो आहे. ब्रायडीच्या देवमाशाच्या डोक्यावर तीन उंच रेघा असतात आणि पाठीवरचा पर कोयत्यासारखा वाकलेला असतो. निळ्या देवमाशाचा पर अगदीच लहान आणि फार मागे असतो. कातडे सोलवटले, गळा फुगला की या खुणा हरवतात. मग उरतो तो जनुकीय नमुना, आणि त्यासाठी नखाएवढा कातडीचा तुकडा स्पिरिटच्या बाटलीत घालून ठेवणे पुरेसे असते.

माझ्या वहीतील साडेअकरा मीटर हा आकडा मला याच कारणाने छळतो. ब्रायडीच्या देवमाशाचे दोन प्रकार मानले जातात. किनाऱ्यालगतचा लहान प्रकार साधारण तेवढाच वाढतो, तर खोल समुद्रातील मोठा प्रकार चौदा-पंधरा मीटरपर्यंत जातो. या दोन वेगळ्या जाती मानाव्यात की एकाच जातीचे दोन प्रकार, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. आमचा देवमासा पूर्ण वाढलेला लहान प्रकारचा होता की अजून वाढायचा असलेला मोठ्या प्रकारचा, हे एका बाटलीने सांगितले असते.

हे काम आपल्या राज्याला जमणार नाही, असे मी मुळीच मानत नाही. कासवांच्या बाबतीत ते जमले आहे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह घरटी राखली आणि ती रीत पुढे कोकणातील अनेक गावांत पोहोचली. २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने पाच ऑलिव्ह रिडले माद्यांना उपग्रह टॅग लावले. ‘प्रथमा’, ‘सावनी’ ही नावे शाळेतली मुलेसुद्धा सांगू लागली. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. मार्च २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे धातूची पट्टी लावलेले एक कासव जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडले. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे निरनिराळी असावीत, या समजुतीला त्या एका पट्टीने धक्का दिला. ते शक्य झाले, कारण ओडिशात कोणीतरी क्रमांक लिहून ठेवला होता आणि गुहागरात कोणीतरी कंदिलाच्या उजेडात तो वाचला. देवमाशांसाठी मी याहून अधिक काही मागत नाही.

केंद्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती किनाऱ्यावरील प्रत्येक वनरक्षक, पोलीस पाटील, सरपंच आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांच्यापर्यंत मराठीत, दोन पानांत पोहोचावीत. प्रत्येक तालुक्यात एक पेटी असावी आणि तीत मोजपट्टी, हातमोजे, मुखपट्ट्या, धारदार सुऱ्या, स्पिरिटच्या आणि फॉर्मेलिनच्या बाटल्या, चिकटपट्ट्या आणि नोंदीचा छापील नमुना असावा. लांबी, लिंग, चारी बाजूंची छायाचित्रे, कातडीचा आणि चरबीचा तुकडा आणि तोंडात दातांच्या जागी असणाऱ्या, अन्न गाळणाऱ्या झालरीचे एक पाते किंवा दात असेल तर दात, एवढे तर कुजलेल्या जनावरातूनही घेता येते. जनावर ताजे असेल तर शवविच्छेदनासाठी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील किंवा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतील जाणकारांना त्याच दिवशी कळवण्याची व्यवस्था हवी, कारण आवाजाने कानाला इजा झाली होती का, हे मृत्यूनंतर काही तासांतच पाहता येते, पुढे नाही. या पेटीचा खर्च जेसीबीच्या एका दिवसाच्या भाड्याहून फार वेगळा नसावा.

मच्छीमारांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण त्यांना वगळून या समुद्राविषयी काहीच कळणार नाही. आमच्याकडचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, गादा आणि बुलगा यांतील फरक पाण्यावरच्या पाठीवरून सांगतो; पहिल्याला पुस्तकात कुबडी डॉल्फिन आणि दुसऱ्याला पर नसलेला पॉरपॉइज म्हणतात. कोणत्या महिन्यात किती वाव खोल पाण्यात ‘फवारा’ दिसतो, हे त्याला ठाऊक असते. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जिवंत सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजना आहे आणि तिच्यामुळे कितीतरी कासवे आणि व्हेल शार्क सुखरूप समुद्रात गेले. पण जाळ्यात मेलेला गादा सापडला तर खलाशी तो गुपचूप पाण्यात सोडतात. कायद्याची भीती त्यांना वाटते, आणि ती वाटणे स्वाभाविक आहे. हेतू नसताना जाळ्यात मेलेल्या प्राण्याची खबर देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी आणि स्पष्ट आश्वासन मत्स्यव्यवसाय आणि वन या दोन्ही विभागांनी मिळून द्यावे. हे निर्यातीच्या दृष्टीनेही निकडीचे आहे, कारण सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचे तुल्यबळ उपाय नसलेल्या मासेमारीची मासळी अमेरिकेत जाऊ न देण्याचा तेथील नियम १ जानेवारी २०२६ पासून अमलात आला आहे. ‘आमच्या जाळ्यांत डॉल्फिन मरत नाहीत’ किंवा ‘इतकेच मरतात’ हे सांगायला आकडे लागतात, आणि ते आकडे रापणीच्या, डोलीच्या आणि गिलनेटच्या होड्यांवरूनच येतील.

या सर्व नोंदी एका राज्यस्तरीय नोंदवहीत जाव्यात आणि ती संकेतस्थळावर सर्वांना पाहता यावी. ब्रिटनमध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने १९१३ पासून, किनाऱ्यावरील अधिकाऱ्यांच्या तारा आणि पत्रांच्या आधारे, लागलेल्या प्रत्येक देवमाशाची नोंद ठेवायला सुरुवात केली. शंभराहून अधिक वर्षांच्या त्या यादीमुळे एखाद्या वर्षी संख्या अचानक वाढली तर ती वाढ आहे, हे तेथे ओळखता येते. आपल्याकडे वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. जयगड, दिघी, जवाहरलाल नेहरू बंदर येथील जहाजांची ये-जा चालूच आहे. मी येथे बंदरांच्या बाजूने वा विरुद्ध बोलत नाही. दहा वर्षांनी कोणी विचारले की जहाजांच्या धडकांनी वा आवाजाने देवमासे अधिक मरू लागले आहेत का, तर तुलनेसाठी आजचा आकडा कोठून आणणार, एवढेच विचारतो.

शेवटची विनंती पुरण्याविषयी आहे. पुरणे अटळ असेल तर पुरावे, पण जागेचे अक्षांश-रेखांश लिहून, खड्ड्यात धड ठेवून, हाडे जेसीबीच्या दातांनी न मोडता. वाळूतील जीव दोन-तीन वर्षांत मांस खाऊन टाकतात आणि सांगाडा काढण्याजोगा होतो. रत्नागिरीला झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. मी दरवर्षी मुलांना तेथे नेत असे आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलेही त्या फासळ्यांखाली उभी राहिली की प्रश्न विचारू लागत. असा सांगाडा प्रत्येक किनारी जिल्ह्यात असू शकतो.

पावसाळ्यातील नैऋत्येचे वारे मृत जनावरे किनाऱ्याकडे लोटतात, म्हणून १ जूनला मासेमारी बंदी सुरू होण्यापूर्वी पेट्या आणि छापील नमुने तालुक्यांत पोहोचावेत, अशी माझी प्रार्थना आहे. आमच्या गावातील देवमासा सुरूच्या बनातील दोन जुन्या झाडांच्या मधोमध आहे. खड्डा साधारण दहा फूट खोल होता आणि डोके उत्तरेकडे ठेवले होते. त्या दिवशी माझ्याबरोबर असलेले दोन तांडेल अजून गावात आहेत. आपले अधिकारी किंवा संशोधक आले, तर आम्ही तिघे जागा दाखवू आणि खणायलाही येऊ.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
रत्नागिरी जिल्हा